रंगाची हद्द आणि चोचीचा अंमल

फुलपाखरांच्या पंखांवरील रंगांचे कौतुक आपल्या वाङ्मयात पुष्कळ झाले आहे. परंतु त्या रंगांचा ज्यांच्याशी जन्ममरणाचा संबंध येतो ते प्रेक्षक निराळेच आहेत, आणि ते विजेच्या तारेवर, बाभळीच्या शेंड्यावर किंवा बांधावरच्या खुंटावर बसून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या रंगांची परीक्षा करीत असतात. वेडा राघू, कोतवाल, खाटीक, दयाळ, बुलबुल, सातभाई, भारद्वाज ही त्यांपैकी आपल्या नित्य परिचयाची काही नावे. कोणता किडा उचलावा, कोणता सोडावा आणि कोणता उचलून पुन्हा टाकून द्यावा, या त्यांच्या क्षणोक्षणीच्या निर्णयांतून, अगणित पिढ्यांच्या अवधीत, ज्यास आपण निसर्गाची रंगकला म्हणतो तिचा फार मोठा भाग घडत आला आहे. हा निर्णय मात्र सर्व मुलखांत एकसारखा होत नाही. एका ठिकाणी जो रंग प्राण वाचवितो तोच दुसऱ्या ठिकाणी, किंवा त्याच ठिकाणी दुसऱ्या ऋतूत, प्राणावर बेततो. रंग आणि भक्षण यांच्या या स्थलकालसापेक्ष व्यवहाराची ओळख करून देणे हा पुढील पानांचा विषय असून, तो विषय कोणत्या भूमिकेवरून मांडला आहे हे सांगणे एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

असल्या विषयाचे निरीक्षण मोरिवलीसारख्या ठिकाणाहून करावे, याचे काहींना नवल वाटेल. मोरिवली म्हटले की अंबरनाथची औद्योगिक वसाहत, रसायनांचे कारखाने आणि मालमोटारींची वर्दळ हेच चित्र मनात येते, आणि उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही गावे आता मध्य रेल्वेच्या लोहमार्गालगत जवळजवळ एकमेकांना भिडली आहेत, हेही खरेच. परंतु याच पट्ट्यातून वालधुनी नदी वाहते, जिच्या काठी शके 982 म्हणजे इ. स. 1060 चा शिलालेख मिरविणारे शिलाहारकालीन शिवमंदिर उभे आहे. याच पट्ट्याच्या एका अंगास मलंगगड आणि चंदेरी यांची डोंगररांग, तर दुसरीकडे बदलापूरपलीकडे बारवीचे पानझडी अरण्य आहे. कारखान्याच्या कुंपणाला लागून उगवलेली रुई, चाळीच्या गच्चीवरील कुंडीतला कढीपत्ता, पडीक भूखंडांवरचा खुळखुळा, भातखाचरांचे बांध आणि डोंगरउतारावरील साग, ऐन व करवंदीच्या जाळ्या ही सर्व स्थळे एका दिवसाच्या रपेटीत येतात, आणि या प्रत्येक स्थळी शिकार निराळी, शिकारी निराळा, प्रकाशही निराळा असल्यामुळे, रंगाचे मोल जागेप्रमाणे कसे बदलते याचा पडताळा घेण्यास याहून सोयीचा मुलूख शोधावा लागणार नाही.

या विद्येचा इतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण ती पहिल्यापासूनच भूगोलाशी बांधलेली आहे. हेन्री वॉल्टर बेट्स याने 1848 ते 1859 अशी अकरा वर्षे ॲमेझॉनच्या खोऱ्यात काढली आणि 1862 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात आपला प्रसिद्ध सिद्धान्त प्रसिद्ध केला. पक्ष्यांना रुचकर असणारी काही फुलपाखरे अरुचकर फुलपाखरांचा वेष घेऊन वावरतात हे त्याचे म्हणणे सर्वांच्या स्मरणात राहिले. परंतु या नकलाकारांचा वेष नदीच्या एका टापूतून दुसऱ्या टापूत जाताच तेथल्या मूळ धन्याच्या वेषाबरहुकूम बदलतो, हा त्याच्या प्रतिपादनाचा सर्वांत बळकट पुरावा होता आणि तोच पुढे विस्मरणात गेला. 1867 मध्ये डार्विनपुढे एक पेच उभा राहिला. भडक रंगाचे सुरवंट जोडीदारास मोहविण्यासाठी रंगले असे म्हणता येत नाही, कारण सुरवंटास जोडीदारच नसतो; मग हा रंग कशासाठी? आल्फ्रेड रसेल वॉलेस याने उत्तर दिले की असा रंग पक्ष्याला दिलेली आगाऊ सूचना असावी, आणि दोनच वर्षांत जेनर वेअर याने पाळीव पक्ष्यांपुढे सुरवंट टाकून त्या तर्कास दुजोरा दिला. 1878 च्या सुमारास ब्राझीलमध्ये राहणाऱ्या फ्रिट्झ म्यूलर याने आणखी एक भर घातली: दोन अरुचकर जाती एकाच वेषात वावरल्या तर पक्ष्यांना शिकविण्याचा खर्च दोघींत वाटला जातो. एडवर्ड पोल्टन याच्या 1890 च्या ग्रंथाने या साऱ्या विचारास शास्त्राचे रूप दिले.

आपल्याकडील कामगिरीही दुय्यम नाही. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत ज्या आठ गृहस्थांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्य होते, फुलपाखरांचे जाणकार कर्नल स्विन्हो होते आणि साताऱ्यास जन्मलेले, जकात व मीठ खात्यात चाकरी करणारे एडवर्ड हॅमिल्टन एटकेन होते. याच एटकेन यांनी जेम्स डेव्हिडसन आणि वनाधिकारी टी. आर. बेल यांच्या समवेत, त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या कारवारकडील फुलपाखरांचा जो तपशीलवार वृत्तान्त 1896 मध्ये लिहिला, त्यात कोणता सुरवंट कोणत्या झाडावर पोसला जातो याची नोंद इतक्या सचोटीने ठेवलेली आहे की आजचा अभ्यासकही तिच्यावाचून पुढे जाऊ शकत नाही. पक्ष्याच्या निवडीचे मूळ पुष्कळदा सुरवंटाच्या पानात असते, हे ध्यानी घेतले म्हणजे या दप्तराचे महत्त्व कळते.

परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या काळातील सर्वांत मोलाचे काम कलकत्त्यास झाले. तेथील इंडियन म्यूझियमचे उपअधीक्षक फ्रँक फिन यांनी 1895 ते 1897 या काळात सातभाई व इतर देशी पक्ष्यांपुढे आपल्या नित्य पाहण्यातली फुलपाखरे ठेवून त्यांची पसंती तपासली. रुईवर वाढणारे प्लेन टायगर, ईश्वरीच्या वेलीवर वाढणारे कॉमन रोज, बांडगुळावर वाढणारे जेझेबेल ही फुलपाखरे पक्ष्यांना नापसंत असल्याचे दिसले खरे. पण फिन यांच्या निष्कर्षातील मर्म निराळेच आहे. हा नकार सापेक्ष असतो: बरे खाद्य समोर असता पक्षी भडक फुलपाखरास शिवत नाही, ते नसेल तर त्यासच पत्करतो. शिवाय प्रत्येक पक्ष्याला हा धडा स्वतःच्या अनुभवाने शिकावा लागतो, आणि एकदा शिकलेला धडा तो चांगला लक्षात ठेवतो. या दोन वाक्यांत पुढच्या शंभर वर्षांच्या संशोधनाची बीजे आहेत असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. शिकणे आले म्हणजे शिकविणारे आले, शिकविणारे किती आणि कोठे आहेत हा प्रश्न आला. आणि भूक आली म्हणजे त्या मुलखातील अन्नाची सुबत्ता वा टंचाई आली. येथून पुढे रंगाचा विचार प्राण्यापुरता करून भागत नाही, तो प्रदेशाचा करावा लागतो.

पक्ष्याला धडा मिळतो तो मूलतः वनस्पतीच्या विषाचा. अंबरनाथ-बदलापूरच्या कोणत्याही पडीक भूखंडावर रुईचे झुडूप सापडते, आणि त्याच्या पानांखाली काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांचा प्लेन टायगरचा सुरवंट. रुईच्या चिकात हृदयाच्या गतीवर परिणाम करणारी ग्लायकोसाइड द्रव्ये असतात. ती सुरवंटाच्या शरीरात साठून फुलपाखरापर्यंत पोहोचतात. याच कुळातील मोनार्क या अमेरिकी फुलपाखरावर लिंकन ब्राउअर यांनी 1960 च्या दशकात केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. विषारी पानांवर वाढलेले मोनार्क खाताच ब्लू जे पक्ष्याला ओकाऱ्या झाल्या आणि त्यानंतर तो त्या रंगाच्या वाटेस गेला नाही. कोबीच्या पानांवर वाढविलेले मोनार्क मात्र पक्ष्यांनी बिनदिक्कत खाल्ले. रंग तोच, पण आतला मजकूर पानाप्रमाणे निराळा! शिवाय या कुळातील नर आश्विन-कार्तिकात वाळलेल्या खुळखुळ्यावर आणि भुरुंडीवर गर्दी करून अल्कलॉइड द्रव्ये शोषून घेतात, ती त्यांच्या प्रणयगंधासही उपयोगी पडतात आणि संरक्षणासही. तेव्हा एखाद्या गावातील नारिंगी फुलपाखरांचा दरारा केवढा, हे त्या गावात कोणत्या वनस्पती शिल्लक आहेत यावर ठरते.

या दरार्‍याचा लाभ घेणारे तोतयेही तेथेच असतात. डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराचा नर काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा व ठिपक्यांभोवती जांभळी झाक असलेला. मादी मात्र हुबेहूब प्लेन टायगर. तिचे सुरवंट घोळीसारख्या निरुपद्रवी भाजीवर पोसले जातात, म्हणजे तिच्या अंगी विष नाही. कॉमन माइम हे फुलपाखरू तर एकाच जातीत दोन वेष बाळगते, एक काळपट कॉमन क्रोचा आणि दुसरा ब्लू टायगरचा. असल्या तोतयेगिरीस एक स्वाभाविक मर्यादा आहे. तोतये फार झाले आणि खरे विषारी थोडे उरले, तर पक्ष्यांना तो रंग रुचकर असल्याचाच अनुभव अधिक येईल आणि वेषाचा काही उपयोग राहणार नाही.

आता या पुस्तकाच्या मुख्य सूत्राकडे वळतो. लिंबू आणि कढीपत्ता यांवर वाढणारे कॉमन मॉर्मन हे फुलपाखरू भारतापासून आग्नेय आशियामार्गे जपानच्या दक्षिणेकडील बेटांपर्यंत आढळते. त्याच्या मादीची तीन रूपे आपल्याकडे दिसतात: एक नरासारखे, दुसरे कॉमन रोजची नक्कल करणारे, आणि तिसरे, ज्यास रोम्युलस म्हणतात, ते किरमिजी अंगाच्या क्रिमझन रोजची नक्कल करणारे. क्रिमझन रोज हे मुख्यतः भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका येथील फुलपाखरू; आणि रोम्युलस रूपातील मादीही त्याच्याच मुलखात सापडते, त्या हद्दीबाहेर मॉर्मन विपुल असूनही हे रूप दिसत नाही. तेथे किरमिजी वेष कोणा पक्ष्यास काहीच सांगत नाही, कारण त्या वेषाचा खरा धनी तेथल्या पक्ष्यांनी कधी चाखलेलाच नाही. संरक्षक रंग हा जुन्या काळच्या सनदेसारखा असतो. ज्या मुलखात ती वाचणारा अंमलदार आहे तेथवरच तिची किंमत, त्या हद्दीपलीकडे ती नुसता कागद. जपानच्या मियाको बेटावर तर कॉमन रोज हे फुलपाखरू विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने वसले, आणि त्यानंतर तेथील मॉर्मन माद्यांत त्याची नक्कल करणाऱ्या रूपाचे प्रमाण वाढत गेल्याचे अभ्यासकांनी नोंदले आहे. धनी आला आणि तोतयांचे भाग्य उजळले, हा फेरफार माणसाच्या हयातीत घडला हे विशेष.

एकाच जातीच्या माद्यांत इतके निराळे वेष वारशाने कसे उतरतात, आणि मधली अर्धवट रूपे का जन्मत नाहीत, हे कोडे दीर्घ काळ अनुत्तरित होते. त्याचा उलगडा करणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे. द्वीपकल्पीय भारताच्या फुलपाखरांवर 2000 साली ग्रंथ लिहिणारे कृष्णमेघ कुंटे यांनी आपल्या सहकाऱ्यांसह 2014 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले की कॉमन मॉर्मनमध्ये हा सारा वेषपालट ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकाच्या निरनिराळ्या प्रतींवर अवलंबून असतो, तोच जनुक कीटकांत नरमादीचा भेद ठरविण्याचे कामही करतो. वेष अखंड उतरतो म्हणून तो टिकतो. अर्धा रोज आणि अर्धा मॉर्मन असा पंख पक्ष्यांनी केव्हाच निकालात काढला असता. याच गणातील ब्लू मॉर्मन, ज्यास 2015 मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखराचा मान दिला, ते बदलापूरकडील ओढ्यांच्या काठी पावसाळ्यात सहज दिसते. ते आणि कढीपत्त्यावरचे हे साधे बहुरूपी फुलपाखरू यांत अधिक नवलाचे कोणते, हे वाचकांनीच ठरवावे.

मुलूख बदलताच वेषाचा अंमल संपतो, याचा प्रत्यक्ष दाखला पेरू देशातून मिळाला. जेम्स मॅलेट आणि निकोलस बार्टन यांनी हेलिकोनियस गणातील विषारी फुलपाखरांचे दोन स्थानिक वंश त्यांच्या शेजारशेजारच्या टापूंतून उचलून एकमेकांच्या टापूत सोडले आणि 1989 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: परक्या टापूत गेलेली फुलपाखरे तितकीच विषारी असूनही त्यांचे टिकून राहणे स्पष्टपणे घटले, कारण तेथील पक्ष्यांना तो नमुना अपरिचित होता. आपल्या प्लेन टायगरची गोष्टही अशीच. आशियात त्याचे एकच प्रमुख रूप बहुतेक ठिकाणी दिसते. आफ्रिकेत मात्र पूर्वेकडे पंखाच्या टोकाचा काळा-पांढरा पट्टा नसलेले आणि पश्चिमेकडे मागचा पंख पांढरा असलेले अशी रूपे आहेत, आणि डॅनेड एगफ्लायच्या मादीनेही आफ्रिकेत तसतसे निराळे वेष धारण केले आहेत. ही जुळणी सर्वत्र काटेकोर नसते, आणि ती तशी नसणेच शिकण्यासारखे आहे; निसर्गात हिशेब चालू असतो, बंद झालेला नसतो.

रंगाने दडणे हा दुसरा मार्ग, आणि आपल्या हवामानात तो ऋतूच्या हुकमाने चालतो. कोकणपट्टीत आषाढात सर्वत्र हिरवे आणि फाल्गुनात सर्वत्र पिंगट. म्हणजे गाव न सोडताही वर्षातून दोन देश पाहावयास मिळतात. भाताच्या पात्यांवर वाढणारे ईव्हनिंग ब्राउन हे फुलपाखरू पावसाळ्यात पंखांच्या खालच्या बाजूस डोळ्यांसारखे ठिपके घेऊन जन्मते, तर कोरड्या ऋतूतील त्याच्या पिढीत ते ठिपके जवळजवळ लोपून पंख वाळक्या पानासारखा होतो. पिकॉक पॅन्सीचेही तसेच. हा पालट सुरवंटावस्थेतील तापमानाने आणि त्यायोगे बदलणाऱ्या अंतःस्रावांनी ठरतो, असे याच कुळातील बायसायक्लस या आफ्रिकी फुलपाखरावर पॉल ब्रेकफील्ड प्रभृतींनी केलेल्या दीर्घ अभ्यासांतून दिसून आले. कोरड्या पाचोळ्यात निश्चल पडून राहणाऱ्यास डोळे घातक ठरतात. हिरव्या गर्दीत उडत-बागडत राहणाऱ्यास लपणे साधत नाही, तेव्हा चोच मर्मस्थानावर न पडता पंखाच्या कडेवर पडावी किंवा पक्षी क्षणभर बिचकावा यातच त्याचे हित असते. उल्लास कोदंडरामय्या आणि त्यांच्या स्वीडिश सहकाऱ्यांनी 2009 मध्ये पिकॉक पॅन्सीचे ठिपके काही फुलपाखरांवर झाकून ती ग्रेट टिट पक्ष्यांपुढे ठेवली, तेव्हा ठिपके उघडे असलेल्यांवर हल्ले कमी झाले. जो पक्षी या फुलपाखराच्या मूळ मुलखाबाहेर वाढला त्यालाही डोळ्याचा आकार थबकवितो, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. म्हणजे काही खुणांना परिचयाची गरज लागते आणि काहींना ती लागत नाही. मध्य अमेरिकेतील मॉटमॉट पक्ष्यांची हातावर वाढविलेली पिले प्रवाळसर्पाच्या लाल-पिवळ्या कड्यांना पाहताच माघार घेतात, हे सुझन स्मिथ यांनी 1975 मध्ये दाखविले होते. फिन यांचा ‘प्रत्येक पक्षी स्वतः शिकतो’ हा नियम व्यापक असला तरी निरपवाद नाही.

भक्षकाकडे आपण आजवर पुरेसे पाहिले नाही, अशी एक तक्रार या शास्त्राविरुद्ध करता येईल. मनुष्याच्या डोळ्यात रंगग्राहक शंकुपेशी तीन प्रकारच्या, पक्ष्यांच्या डोळ्यात चार. अतिनील किंवा त्याच्या लगतचा जांभळा प्रकाशही त्यांना दिसतो. त्यामुळे आपल्याला हुबेहूब वाटणारी नक्कल पक्ष्यास ओबडधोबड वाटण्याचा आणि आपल्याला भडक वाटणारा कीटक पानांच्या प्रकाशछायेत त्यास बेमालूम वाटण्याचाही संभव असतो. त्यातच प्रत्येक चोचीचा शिरस्ता वेगळा. वेडा राघू उडता कीटक हवेतच टिपतो आणि मधमाशी फांदीवर घासून, आपटून तिचा डंख निकामी करतो; कोतवाल गुरांच्या पाठीवरून उठणाऱ्या कीटकांवर झडप घालतो; शिंपी पानापानांखाली शोध घेतो. ज्या केसाळ सुरवंटांना बहुतेक पक्षी वर्ज्य मानतात तेच चातक, पावशा आणि त्यांच्या कुळातील इतर पक्षी आवडीने खातात. आणि पावसाच्या तोंडावर चातकाचे आगमन झाले म्हणजे, कालपर्यंत निर्धास्त असलेल्या सुरवंटांच्या जगातला बंदोबस्तच पालटतो. हिवाळ्यात हळद्या, राखी कोतवाल, तपकिरी खाटीक ही पाहुणी मंडळी येतात. त्यांनी आपला धडा दुसऱ्याच कुठल्या मुलखात घेतलेला असतो.

याहून मोठा घटक भुकेचा. विसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेत स्विनर्टन यांनी पक्ष्यांवर असंख्य प्रयोग करून दाखविले की पोट भरत जाते तसतसा पक्षी चोखंदळ होतो, आणि रिकाम्या पोटी तोच पक्षी नावडते कीटकही गिळतो. हीच गोष्ट जागतिक प्रमाणावर तपासण्याचा उद्योग नुकताच सिद्धीस गेला आहे. इलियाना मेदिना आणि त्यांचे देशोदेशीचे सहकारी यांनी सहा खंडांतील 21 वनांत पतंग-कीटकाच्या आकाराची 15,000 हून अधिक कागदी भक्ष्ये झाडांच्या खोडांवर लावली. काही मातकट तपकिरी, काही पारंपरिक इशाऱ्याची नारिंगी-काळी, तर काही क्वचितच आढळणाऱ्या निळ्या-काळ्या रंगाची. 2025 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे कोणताही एक रंग सर्वत्र श्रेष्ठ ठरला नाही. जेथे भक्ष्यासाठी पक्ष्यांत चुरस तीव्र, तेथे ते इशाऱ्याचे रंगही धोका पत्करून उचलतात आणि दडणारा रंग अधिक तारतो. परंतु जेथे दडणाऱ्या रंगाचे कीटक आधीच विपुल आहेत, तेथे पक्ष्यांची शोधक दृष्टी त्या रंगावरच तयार होते आणि दडण्याचा लाभ घटतो. प्रकाशाचे मानही आपला वाटा उचलते. फिन यांच्या पिंजऱ्यातील सातभाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी जी साक्ष दिली तिच्यावर साऱ्या पृथ्वीच्या अरण्यांनी शिक्कामोर्तब करावे, हे समाधान या विषयाच्या वाट्यास आले.

औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्याने रंग आणि पक्षी यांविषयी लिहावयाचे म्हटले की इंग्लंडातील काळ्या पतंगाची कथा सांगावीच लागते. पेपर्ड मॉथ नावाच्या फिकट पतंगाचे काळे रूप 1848 मध्ये मँचेस्टर येथे नोंदले गेले, आणि कोळशाच्या काजळीने झाडांची खोडे काळवंडली तसे ते शतकाच्या अखेरीस त्या भागात बहुसंख्य झाले. बर्नार्ड केटलवेल यांनी 1950 च्या दशकात बर्मिंगहॅमजवळील काजळलेल्या आणि डॉर्सेटमधील स्वच्छ अशा दोन वनांत पतंग सोडून पाहिले, तेव्हा पहिल्या ठिकाणी फिकट आणि दुसऱ्या ठिकाणी काळे पतंग अधिक मारले गेले. त्यांच्या पद्धतीवर पुढे आक्षेप आले. त्या आक्षेपांची खातरजमा करण्यासाठी मायकेल मॅजेरस यांनी 2001 ते 2007 या काळात केंब्रिज येथे 4,864 पतंगांवर जो प्रयोग केला, त्याने पक्ष्यांचीच ही करणी असल्याचे सिद्ध झाले. परंतु ही कथा जशीच्या तशी उचलून मोरिवलीस लावणे गैर होईल. येथील धूर कोळशाच्या काजळीचा नाही, येथील खोडे दर पावसाळ्यात धुऊन निघतात आणि शेवाळाने हिरवी होतात. येथे उद्योगाने जो पालट केला तो प्रामुख्याने वनस्पतींचा आणि प्रकाशाचा आहे: ईश्वरीची वेल झुडपांसह तोडली गेली की तिच्यावर जगणारे दोन्ही रोज जातात, धडा शिकविणारेच गेले की मॉर्मनच्या वेषाचा दरारा ओसरण्यास कारण होते, याउलट रुई राडारोड्यावर फोफावते आणि प्लेन टायगरची सत्ता वाढविते. रात्रभर जळणाऱ्या दिव्यांखाली जमलेले पतंग पहाटे पांढऱ्या भिंतीवर बसून राहतात, झाडाच्या सालीसाठी घडलेला त्यांचा रंग तेथे उघडा पडतो, आणि दयाळ व कोतवाल यांची न्याहारी त्या भिंतीवरच उरकते.

अशा निरीक्षणांना पुराव्याचे रूप यावे म्हणून थोडी शिस्त हवी. फुलपाखराच्या पंखावर चोचीने तोडल्याची त्रिकोणी खूण दिसली म्हणजे अनेकजण हर्षभरित होऊन ती भक्षणाची साक्ष म्हणून नोंदवितात. वस्तुतः ती सुटकेची साक्ष आहे, कारण जे खाल्ले गेले ते आपल्या नजरेस येतच नाही. तेव्हा खूण कोठे आहे, पुढच्या पंखावर की मागच्या, एका बाजूस की दोन्ही पंखांवर सममित, हे लिहून ठेवावे. फुलपाखरू कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात, उन्हात की सावलीत होते हे लिहावे. आणि त्याच वेळी आसपास कोणते पक्षी होते हे अवश्य लिहावे. पक्ष्याने पकडून टाकून दिलेला कीटक खाल्लेल्या कीटकाइतकाच बोलका असतो. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखा दिसणारा लहानगा सुरवंट पुढे मोठा होताच हिरवा होतो, कारण तेवढ्या आकाराची शीट कोणा पक्ष्यास खरी वाटणार नाही; असली साधी गोष्ट प्रत्येकाने आपल्या खिडकीत पडताळावी.

नावांविषयी एक खुलासा. मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’मुळे पक्ष्यांची मराठी नावे आता सर्वांस उपलब्ध आहेत आणि तीच येथे वापरली आहेत, फुलपाखरांची इंग्रजी नावे मात्र अभ्यासकांच्या तोंडी इतकी रुळली आहेत की ती देवनागरीत तशीच ठेवणे वाचकांच्या सोयीचे वाटले. प्रकरणांची रचना प्राण्यांच्या वर्गवारीने न करता स्थळांच्या अनुक्रमाने केली आहे: प्रथम वस्ती व कारखान्यांचा पट्टा, मग पडीक भूखंड व शेते, त्यानंतर ओढ्याचा काठ, आणि शेवटी डोंगरउतारावरील वन. एकच फुलपाखरू त्यामुळे अनेक प्रकरणांत पुन्हा भेटेल आणि दर वेळी त्याच्या रंगाचा निराळा निवाडा झालेला दिसेल.

या पुस्तकाचा कोणा जाणत्यास फारसा उपयोग व्हावा अशी अपेक्षा नाही. ते शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी आणि ज्यांना आपल्या गावाबाहेर जाण्याची सवड मिळत नाही अशा नोकरदार गृहस्थांसाठी आहे. या विषयाची थोर थोर प्रमेये ॲमेझॉन, आफ्रिका आणि पेरू येथे मांडली गेली म्हणून ती तेथेच राहतात असे नाही. ती ज्या फुलपाखरांवर, ज्या पक्ष्यांवर आणि ज्या झाडांवर उभी आहेत त्यांचे सगेसोयरे अंबरनाथच्या हद्दीत हजर आहेत. परंतु तेथला निष्कर्ष येथे आपोआप लागू होत नाही, हेच तर त्या निष्कर्षांचे सार. कोणत्या रंगाला येथे किती मान आहे हे येथल्या चोचींनाच विचारावे लागते, आणि तो प्रश्न दर पिढीस, दर ऋतूत आणि एखादी वेल नाहीशी झाली की पुन्हा नव्याने विचारावा लागतो. ते काम करणारे हात या पट्ट्यात वाढावेत, एवढाच हे लिहिण्यामागील हेतू.

मोरिवली, अंबरनाथ
दिवाळी पाडवा, शके 1947